आबांच्या वहीतली ‘एक बाई’

शिंप्याच्या दुकानात चिंध्या आणि किस्से सारखेच साठतात. चिंध्यांच्या आई गोधड्या शिवायची, किश्श्यांची माझ्या वडिलांनी, आबांनी, वही केली. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात कुणी हसण्याजोगं बोललं की आबा कानावरची पेन्सिल काढत. आधी वाक्य, खाली बोलणाऱ्याचं नाव. बिननावाचा विनोद म्हणजे बिनबटणाचा सदरा, असं त्यांचं मत. मी सातवी नापास. काज-बटणं करायचो आणि गिऱ्हाइकांना उचकवून वहीला माल पुरवायचो.

*

बहात्तरच्या दुष्काळात सरपंचांनी खडीच्या कामाचा नारळ फोडला. भाषणात म्हणाले, “घाबरू नका. पुढच्या साली बी दुष्काळ पडंल, तवा बी काम मिळंल.” लोकांनी टाळ्या वाजवल्या, आबांनी लिहून घेतलं.

सरपंच दुकानात आले. मला वाटलं, खोडायला लावतात. वाचून म्हणाले, “नावाम्होरं ‘सरपंच’ लिवा की.”

*

त्याच साली सरपंचांचा नवा सदरा पोटावर बसेना.

“आबा, माप चुकलं तुमचं.”

आतून आई म्हणाली, “चुकलं न्हाई. इलेक्शनच्या आधी घेतलं हुतं.”

आबांनी वाक्य लिहिलं. खाली नाव: एक बाई.

*

आई खडी फोडायला जायची. कामावर मजुरांना सरकारी सुकडी, भाजलेल्या पिठाचं गोड खाणं, मिळायची. एकदा काम तपासायला साहेब आले, तिचा ढीग बघून म्हणाले, “दिवसभरात एवढीच खडी?”

“सकाळी मूठभर सुकडी खायला दिली, साहेब. तेवढीच खडी निघाली.”

साहेब चष्मा पुसत दुसऱ्या ढिगाकडं गेले. वहीत पुन्हा: एक बाई.

अर्धी वही आईची आणि नाव कुठंच नाही, ही चुगली आईकडं अर्थात मीच केली.

“सरपंचाचं नाव हाय, माझं न्हाई व्हय?”

“बायकोचं नाव घेत्यात का कुठं?”

“घिऊ नका. लिवा.”

“लिवताना माझं ओठ हलत्यात.”

दोन दिवस आबांना बिनसाखरेचा चहा मिळाला.

*

पंधरा ऑगस्टला हेडमास्तरांनी आबांना शाळेत वही वाचायला बोलावलं. आदल्या दिवशी मी सरपंचीणबाईंच्या कानात सांगून आलो, “काकू, खडीचं बोलली त्या बाईला उद्या लुगडं मिळनार हाय म्हनं.”

आबांनी ते वाक्य वाचलं. सगळे हसले. हेडमास्तरांनी विचारलं, “ही बाई कोण?”

देवळाबाहेर कधी दगडाला हात न लावलेल्या सरपंचीणबाई उठल्या. “मीच की ती.”

“वा! आबा, लिहून टाका मग यांचं नाव.”

आबांची पेन्सिल कागदावर टेकली आणि तिथंच राहिली. बायकांत बसलेली आई नुसती आबांकडं बघत होती. आबांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. मग डोळे गच्च मिटून अख्ख्या गावापुढं म्हणाले, “ती बाई ठकूबाई हाय. माझी बायको.”



आई शेजारणीकडं वळली. बोलली हळूच, पण शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू गेलं.

“बघ गं. लग्नाला तीस वर्सं झाली. मला वाटलं, ह्यांना माझं नाव ठाऊकच न्हाई.”