दोन दिवसांचं चार्जिंग

आमच्या डिझेल गाडीला पंधरा वर्षं झाली आणि पुन्हा पासिंग करून घ्यायचं की नवी गाडी घ्यायची, यावर कात्रजच्या आमच्या फ्लॅटमध्ये महिनाभर परिसंवाद चालला. बायकोला हायब्रिड हवी होती, कारण तिच्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडे ती होती आणि त्या बाई कधीच कशाबद्दल तक्रार करत नाहीत. मुलीला इलेक्ट्रिक हवी होती. पेट्रोलच्या बाजूने कोणीच नव्हतं, त्यामुळे शेवटी तडजोड म्हणून तीच गळ्यात पडेल अशी मला धास्ती होती. मी डिझेलवर अडून बसलो होतो.

विचारेल त्याला मी एकच कारण सांगायचो, गाव. यवतमाळकडचं माझं गाव पुण्याहून सहाशे किलोमीटरच्या वर आहे. वाघोलीला टाकी फुल केली की गाडी थेट आईच्या दारात उभी करायची, मध्ये पंपाचं तोंड पाहायचं नाही, याचा मला उगाचच फार अभिमान होता. शनिवारी पहाटे निघायचं, संध्याकाळी पोचायचं आणि रविवारी उजाडलं की परत फिरायचं, कारण सोमवारी ऑफिस. आई मला ‘मुक्कामी गाडी’ म्हणायची. गावात येणारी एसटी तशीच होती, दिवेलागणीला यायची आणि सकाळी पहिल्या फेरीला निघून जायची. मी निघताना आई गाडीच्या खिडकीशी यायची आणि म्हणायची, “एक दिवस अजून राह्यला असता तं काय झालं असतं?” दर वेळी मी ‘पुढच्या वेळी नक्की’ म्हणायचो आणि गाडी सुरू करायचो.

शोरूममध्ये विक्री बघणाऱ्या ताईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “सर, रनिंग किती?” मी म्हणालो, रोजचं चाळीस, शिवाय वर्षातून चार-पाच वेळा गाव. त्यांनी ते लिहून घेतलं. मुलगी शेजारीच बसली होती. बाहेर आल्यावर तिने मला थांबवलं.

“बाबा, आजी गेल्यापासून आपण गावाला एकदाही गेलेलो नाही.”

तीन वर्षं झाली होती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. डिझेल सोडलं की गाव सुटेल, असं मी मनाशी धरून बसलो होतो आणि गाव तर केव्हाच सुटलं होतं. मला आईची आठवण येत होती. ती सांगता येईना म्हणून मी महिनाभर घरात ॲव्हरेजवर भांडत होतो.

तोवर बायको हायब्रिडवरून खाली उतरली होती आणि लेकीच्या बाजूने सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून आली होती. पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळेल का, असं तिने विचारलं. “मिळेल की. मीटर तुमचा, वायर तुमची, आणि आग लागली तर तीही तुमचीच,” असं उत्तर मिळालं. पुण्यात याला परवानगी म्हणतात.

आता राहिला थोरला भाऊ. आमच्याकडे मोठी वस्तू घेण्याआधी थोरल्याला विचारायची पद्धत आहे. तो नाही म्हणत नाही, पण विचारलं नाही तर वर्षभर लक्षात ठेवतो. दादा गावीच असतो, शेती बघतो, आईच्या त्याच घरात राहतो. रविवारी दुपारी त्याला फोन लावला. घरच्यांना इलेक्ट्रिक हवी आहे हे सांगितलं आणि तो ती नको म्हणेल या आशेने तिचे सगळे दोष वाचून दाखवले. वाटेत दोनदा थांबून चार्ज करावी लागेल, रांग असली तर आणखी वेळ जाईल, आणि गावात पोचल्यावर तर बोंबच.

दादा म्हणाला, “आपल्या इथल्या लाइनचं काही खरं नाही. येते अन् जाते. तुही गाडी भराले दोन दिवस तं लागनच.”

“तेच तर म्हणतोय मी.”

“मंग तेच घे ना.”

त्याला माझं म्हणणं कळलं नाही असं मला वाटलं. मी नव्याने समजावायला घेतलं, की अरे दादा, शनिवारी संध्याकाळी पोचलो तर रविवारी सकाळी निघताच येणार नाही. सोमवारीही नाही. गाडी दारातच अडकून पडेल आणि तिच्याबरोबर मीही. त्याने मला पूर्ण बोलू दिलं.

“हो ना,” तो म्हणाला. “आई होती तवाच घ्याले पाह्यजे होती.”