दोन्ही बाजूंनी सारखं

मी वेबसाइट बनवते असं सांगितलं की तेव्हा नाशकातले लोक विचारायचे, "म्हणजे कॉम्प्युटर क्लास का?" मी हो म्हणून सोडून द्यायचे. दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. कॉलेज रोडला एका झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर माझी एक खोली होती. तिच्यात दोन कॉम्प्युटर, आणि त्यांच्यासमोर माझा कायमचा वैतागलेला चेहरा.

येवल्याचे विणकर काका पहिल्यांदा आले ते एसटीने, मलमलीत गुंडाळलेली पैठणी छातीशी धरून. घरात दोन माग. एकावर ते बसत, दुसऱ्यावर मुलगा. त्यांची एक वेबसाइट आधीच कुणीतरी करून दिलेली होती. येवल्याच्या सायबर कॅफेत ती छान दिसायची. पण अमेरिकेतल्या एका बाईंनी कळवलं होतं की आम्हाला नुसती चिन्हं दिसतात, साडी कुठे आहे? कारण साधं होतं. ती साइट फक्त इंटरनेट एक्सप्लोरर या एका ब्राउझरपुरती बांधलेली होती, दुसऱ्या कुठल्याही ब्राउझरमध्ये तिची पार खिचडी व्हायची.

मुलाला यापुढे मागावर बसायचं नव्हतं. दिवाळीपर्यंत या कॉम्प्युटरवरून ऑर्डरी आल्या तर बसतो, नाहीतर नाशिकला नोकरी बघतो, असं त्याने बापाला बजावलं होतं. काकांनी हे मला चहा यायच्या आधीच सांगून टाकलं.

"ताई, त्याचा हात माझ्यापेक्षा मऊ हाय. मोर तर लय झ्याक काढतो. त्याला मागावरून उठू द्यायचा नाय. बाकी तुमचं तुम्ही बघा."

मग त्यांनी पदर उलगडला, फिरवला, परत फिरवला. "आता सांगा, ही सुलट का उलट?"

मला सांगता येईना. मागे एक धागा लोंबत नव्हता, मोरही दोन्हीकडून तोच.

"आपली वेबसाइट अशी पायजे. इकडून बघा, तिकडून बघा, सारखीच."

मी हसून हो म्हटलं. ते मला खरंच सोपं वाटलं होतं, आणि त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

वेबचे ठरलेले नियम होते. मजकूर वेगळा ठेवा, मांडणी वेगळी ठेवा, म्हणजे पान जगात कुठेही नीट दिसेल, असं नियम करणारी शहाणी माणसं सांगत. मी अक्षरन् अक्षर पाळलं. नियम तपासणाऱ्या साइटवर पान तपासून घेतलं, एक चूक निघाली नाही. नव्या ब्राउझरमध्ये डावीकडे मजकूर, उजवीकडे साडी, वरच्या कोपऱ्यात मुलाने विणलेला मोर. बघत बसावं असं झालं होतं. मी ऐटीत येवल्याची गाडी पकडली.

कॅफेतला कॉम्प्युटर जुना, त्यातला एक्सप्लोरर त्याहून जुना. एकदा दिलेली मोकळी जागा तो दोनदा मोजायचा. त्यामुळे साडीचा फोटो बाजूला मावेना आणि धपकन मजकुराच्या खाली जाऊन पडला. काका, मुलगा आणि मी, तिघं त्या एका पडद्यात डोकं घालून बसलो होतो.

"साडी कुठंय?" काकांनी विचारलं.

"खाली आहे. पान वर सरकवलं की दिसेल."

"दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला म्या असं म्हनतो का, साडी खाली पडलीय, वाकून बघा?"

त्यांचं बरोबर होतं. मुलाने पडद्यावर बोट ठेवलं. "मोराच्या मागं हे काय? ठिगळ?" मोराभोवतीचा भाग पारदर्शक ठेवलेला होता आणि जुन्या एक्सप्लोररला पारदर्शक कळतच नव्हतं, म्हणून त्याने तिथे राखाडी चौकोन चिकटवला होता. मी हे समजावून सांगितलं. त्याने मान हलवली, पण पटल्याचं काही तोंडावर दिसलं नाही.

पुढचे कितीतरी दिवस माझ्या नाकी नऊ आले. नियम पाळले की येवला बिघडायचं, येवला सावरलं की अमेरिका. येवल्याला सोडून द्यावं म्हटलं, तर पुण्यामुंबईच्या बँकांत आणि कचेऱ्यांत तोच जुना एक्सप्लोरर बसलेला, आणि साड्या घेणाऱ्या बायका तिथूनच बघणार. शेवटी मी जुन्या ब्राउझरसाठी वेगळ्या पळवाटा घातल्या. मोराच्या मागे पानाचाच रंग भरून टाकला. दोन्हीकडे पान जेमतेम सारखं दिसायला लागलं आणि तपासणीत मात्र लाल अक्षरांत चुकाच चुका. एवढं करूनही मला कुठलंच समाधान मिळालं नाही. रात्री जेवताना आईशी उगाच भांडले.

दिवाळीच्या तोंडावर ऑर्डर आली. एकच, पुण्याची. मुलाने विणलेल्या वांगी रंगाच्या पैठणीची. तिच्यावर त्याचे कित्येक महिने गेले होते. काकांचा फोन आला तेव्हा ते बोलता बोलता थांबत होते. "बसंल आता तो," एवढंच दोनदा म्हणाले.

साडी परत आली. पुण्याच्या बाईंनी नीट, सभ्य भाषेत लिहिलं होतं: पानावर वांगी लिहिलं आहे हे खरं, पण दिसत निळी होती. आम्ही दिसेल ते घेतो.

मी तो फोटो माझ्या दोन्ही कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी उघडला. एकावर वांगी, दुसऱ्यावर चक्क निळी. ब्राउझर तोच, पान तेच. पडदे वेगळे होते, आणि लोकांच्या घरातल्या पडद्यांना माझा कुठला नियम लागू होणार होता? बापलेक ती साडी घेऊन माझ्या खोलीत समोर बसले होते. मुलाने खिडकीशी जाऊन साडी उलगडली. उन्हात ती दोन्ही बाजूंनी वांगी होती. त्याने घडी घालून ती बापाच्या मांडीवर ठेवली.

"ताई, तुमी लय केलं," तो म्हणाला. मला रडू आलं. काका घडीवर मलमल गुंडाळत राहिले. भाऊबीज झाली आणि मुलाने घर सोडलं.

त्यानंतर काही वर्षांनी नाशकात नवा मॉल झाला, तिथल्या दारात तो मला दिसला. निळा गणवेश, हातात तपासणीचं यंत्र. त्यानेच ओळखलं.

"ताई, ती वेबसाइट हाय का अजून?"

"आहे. मी काढली नाही."

"आता सगळीकडं सारखी दिसती?"

जुना एक्सप्लोरर तोवर बऱ्याच ठिकाणाहून गेला होता. "दिसते," मी म्हटलं. "आता सगळीकडे सारखी दिसते."

"सांगतो बाबांना. माझा माग इकला, तिथं त्यांची कॉट टाकलीय. मी घरी गेलो का आधी तेच इचारत्यात, आली का एखादी ऑर्डर."

माझ्या मागे रांग वाढली होती. मागच्या बाईने पर्स पुढे केली. त्याने चेन उघडली आणि काकांनी मऊ म्हणून सांगितलेला तो हात आत घालून तो चाचपू लागला.