खाऱ्या वाऱ्याची वेळ

आमच्या शाळेचे निवृत्त भूगोल शिक्षक श्री. हिराजी मढवी सर यंदा साठी पूर्ण करीत आहेत. त्यांची माझी पहिली भेट शिवणाच्या वर्गात झाली. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षे. मी भिवंडीत या शाळेत शिवण शिकवायला नुकतीच लागले होते. फाटके शीड काखोटीला मारून सर दारात उभे राहिले आणि शिवून मिळेल का, असे त्यांनी विचारले. फळीवर शीड उभारून वाऱ्याच्या जोरावर पाणी कापत जायचे, याला विंडसर्फिंग म्हणतात, हे मला त्या दिवशी कळले. मी जवळच्या कामतघरच्या यंत्रमागावरचे कापड मागवून ठिगळ लावले. दोन दिवसांनी सर म्हणाले, "बाई, शिलाई पक्की हाय. कापडातून वारा पार जातो, एवढंच." खाडीत किती वेळा पडले, ते त्यांनी सांगितले नाही.

सर मूळचे खाडीकाठच्या काल्हेरचे. शर्यतींत त्यांनी पदके मिळवली. पुढे गुडघ्याने दगा दिला आणि शर्यती सुटल्या. आता फळी माळ्यावर जाणार, असे आम्ही धरून चाललो. पण शाळा सुटली की सरांची सायकल खाडीकडेच वळे. काठाला गोदामे आली, पाणी काळवंडले, अंगाला खाज सुटू लागली, तरी ते जात राहिले. दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे नि रात्री जमिनीकडून जाणारे मतलई वारे शिकवताना त्यांनी पुस्तक कधी उघडले नाही.

माझे यजमान गेले, तेव्हा सांत्वनाला सगळेच आले. सर आले ते शीड घेऊन. शिवण उसवलीय, म्हणाले. दोरा कात्रीने कापलेला होता, हे मला बघताक्षणी कळले. मी शीड ठेवून घेतले. चार दिवस मशीनवर बसले, आणि त्या चार दिवसांनी मला सावरले.

गेल्या वर्षी सरांना हृदयविकाराचा झटका आला. डॉक्टरांनी पाण्यात उतरायला मनाई केली. त्यांची फळी शाळेच्या सभागृहात लावावी, ही कल्पना माझी. सरांनी ती मुकाट्याने दिली. हयात माणसाची वस्तू भिंतीवर टांगताना मला काहीच वाटले नाही, याची आज लाज वाटते. परवा सर तिच्याखाली उभे होते. हात लावून म्हणाले, "सुकली हो, बाई."

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. तिथे माझा हात अडखळतो, कारण डॉक्टर म्हणतात ते दीर्घायुष्य काठावर बसून काढायचे आहे. सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातले थोडे तरी ओले असो. फळी मी उतरवून काल्हेरला सरांच्या घरी पोचवली आहे. शिडाची शिवणही नव्याने घातली आहे. सरांच्या सत्काराचा समारंभ दुपारी चारला आहे. तीच खाऱ्या वाऱ्याची वेळ. सरांना यायला उशीर झाला, तर मंडळींनी थांबावे.