सपाट चमचा

पुण्याच्या पेठेतल्या एका पावडरवाल्याने भोरच्या कंपाउंडर काकांना फसवलं. पैसे माझे गेले, पण फसवले गेले काका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला शंका नको.

काकांची एक लकब होती. पावडरीचा चमचा भरला की ते जुन्या एक्स-रे फिल्मची कापलेली पट्टी घ्यायचे आणि चमच्यावरून एकदाच फिरवायचे. वरचं सगळं खाली कागदावर. पट्टीवर कोणाच्या तरी अर्ध्या बरगड्या दिसायच्या.

"सपाट," ते म्हणायचे. "शीग खळ्यावर. हितं सपाट."

जन्मभर ते दवाखान्यात पुड्या बांधत आले. निवृत्त झाल्यावर घरच्या पडवीत रंगाचा एक रिकामा डबा आडवा बसवला, आतून टायरच्या ट्यूबचं अस्तर लावलं, जुन्या कूलरची मोटार जोडली आणि त्यात पाणी-पावडर घालून दगड चमकवायला फिरवू लागले. पहिला आठवडा जाड पावडर, दुसरा मध्यम, तिसरा बारीक, चौथा पॉलिशचा. मोटार दिवसभर खरखरायची. शेजारी विचारायचे, "काका, काय झालंय दगडांना? ताप?"

"ताप न्हाई, खरूज हाय," काका म्हणायचे. "चार आठवडं औषध."

मी त्यांच्याकडे धंद्यासाठी गेले. एसटीच्या खिडकीशी करवंदांचे द्रोण विकून मी वर आले आहे. आता कामथडीला हायवेवर माझं दुकान आहे. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांतल्या मेंढरं राखणाऱ्या बाया ओढ्यातल्या गारगोट्या आणि तांबडे खडे आणून देतात. काका ते चमकवायचे, मी विकायची. मुंबईची गिऱ्हाईकं दगड गालाला लावून बघायची. "अय्या, किती गुळगुळीत!" मी ताबडतोब भाव वाढवायची.

पहिल्याच दिवशी मी चमचा शिगोशीग भरून डब्यात ओतायला निघाले. बाजारात हात सैल सोडणारी बाई म्हणून माझं नाव आहे. काकांनी मनगट धरलं.

"म्या काय हात आखडणारी बाई हाय व्हय, काका?"

"पोरी, जास्त देणं ही बी चूकच. डोस हाय ह्यो."

मला राग आला. मला राग लवकर येतो. पण त्या दिवशी मी चमचा पट्टीखाली धरला.

दुसरी चूक मीच केली. आठवड्याचं राखाडी गाळपाणी त्यांनी मागच्या खड्ड्यात टाकायला सांगितलं होतं. मी घाईत मोरीत ओतलं. दोन दिवसांत ते पाइपात सिमेंटसारखं बसलं. काका छिन्नी घेऊन आले, मोरीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "अभिनंदन. आता मोरीला बी पॉलिश व्हईल."

एक गोष्ट मात्र त्यांना हसण्यावारी नेलेली चालत नसे. पावडरीला बोट लागता कामा नये. चमचा, कागद, पट्टी, बस्स. एकदा मी चिमटीत धरून बघायला गेले तर पट्टी फाडकन माझ्या बोटांवर बसली. "औषधाला हात लावायचा न्हाई! घाम लागतो, वास लागतो." पुन्हा मी कधी लावला नाही. त्यांनी तर चाळीस वर्षांत कधी लावला नव्हता.

मग मी पावडरवाला बदलला. जुना महाग होता. नव्याशी मी तासभर घासाघीस केली, दोनदा दुकानातून उठून गेले, तिसऱ्यांदा त्याने हाक मारून बोलावलं. पॉलिशची पहिली पिशवी उत्तम निघाली. दगड असे आले की काकांनी एक उचलून त्यात आपली मिशी बघितली. दुसऱ्या पिशवीच्या वेळी मी भाव आणखी पाडला. घरी येईपर्यंत मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

त्या पिशवीतली पावडर घातलेला पहिला डबा उघडला तेव्हा दगड आंधळे होते. गुळगुळीत, पण चमक नाही.

काकांनी एकेक दगड उन्हात धरला, भिंग लावलं. "ओरखडा न्हाई. म्हंजी डबा स्वच्छ धुतलेला, जाड पावडर मागं ऱ्हायली न्हाई. मंग माप चुकलं."

"पावडर तपासायची का, काका?"

"तसलीच पिशवी, तोच शिक्का, मागल्या येळंला चालली की." मग आपला उजवा हात त्यांनी पुढे धरून बघितला. तो वर्षभरापासून थरथरत होता. सून म्हणायची, आता बास करा. ते म्हणायचे, चमचा सपाट येतोय तंवर न्हाई.

त्यांनी तेच दगड पुन्हा लावले. या वेळी चमचा नव्हे, दवाखान्यातला पितळी तराजू काढला. कोपर टेबलावर टेकवून, श्वास रोखून वजन केलं. आठ दिवसांनी दगड आंधळेच. तिसऱ्यांदा लावले. कागदावर पावडर घेतली, मोजली, परत पिशवीत टाकली, परत मोजली. मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या हो. दगडच वाईट असतील."

"दगडाला दोष देऊ नगं. त्यो बोलत न्हाई म्हणून?"

तिसरा डबाही तसाच निघाला. काकांनी मोटारीची वायर गुंडाळली, पट्टी पुसून माझ्या हातात दिली. "हात गेला माझा, पोरी. आता तू मोज." आवाज अगदी साधा होता, एखाद्या पेशंटला सांगावं तसा. त्यानंतर ते पडवीत बसायचे, पण डब्याकडे पाठ करून. पावसाळ्यात गेले.

दिवाळीला माझ्या दारात रांगोळी संपली. अर्धी उरलेली पॉलिशची पिशवी कोपऱ्यात पडून होती. पांढरी पावडर, वाया कशाला घालवायची? मी चिमूट घेतली, उंबऱ्याशी बसले, आणि रेघ सरसर सुटत गेली. सरळ, न तुटता. मी तिथेच थांबले. काकांच्या कपाटात पहिल्या पिशवीतली एक पुडी होती, सुनेकडून ती मागून आणली. त्यातली चिमूट बोटांना पिठासारखी चिकटली, रेघ काही सुटेना. पिशवीतल्या पावडरीवर लिंबू पिळलं, तर फसफसलं. पुडीवर पिळलं, काही नाही.

रांगोळी होती, चुनखडीच्या दगडाची. त्याने पिशवीत रांगोळी भरली होती. तुमच्यातली कोणतीही बाई चिमटीत धरताच ओळखेल. पण काकांच्या शिस्तीत चिमूट नव्हती, आणि माझी चिमूट त्यांनी मोडून काढली होती. तीन आठवडे तो माणूस रांगोळी मोजत होता, अगदी अचूक.

मी पेठेत गेले, पिशवी त्याच्या काउंटरवर आपटली. तो हसला. "अक्का, तुम्ही ज्या भावात मागितली, त्या भावात हीच मिळते."

ते वाक्य मला लागलं. अजून लागतं. मी भाव पाडला, दोनदा पाडला. त्याची कबुली मी काकांच्या घरी जाऊन दिली, सुनेसमोर, मान खाली घालून. ती म्हणाली, "म्हंजी मामांजींचा हात चांगला हुता?" मी म्हटलं, "चांगला होता." ती पदर तोंडाला लावून आत गेली.

पण ती भावाची गोष्ट झाली. त्या भावात द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतं, मी तिसऱ्यांदाही उठून गेले असते. पिशवीवर पॉलिश लिहून आत रांगोळी मी भरली नाही. ती पिशवी मी तशीच बांधून ठेवली आहे, शेजारी ते आंधळे दगड आणि पट्टी. पावडरवाल्याने भोरला यावं. काकांच्या पडवीत, त्या डब्यासमोर उभं राहावं, आणि त्यांच्या माणसांना सांगावं की हात गेला नव्हता. कधी येतोस रे पावडरवाल्या, ते सांग.