सिरिलचा गॅरेजमधला फ्रीज

माझा नवरा सिरिल ड्रान्सफील्ड याने अडतीस वर्षं लोकांचे फ्रीज आणि कपडे धुवायची मशिनं दुरुस्त केली. आमच्या थॉर्नशॉ गावातल्या कुठल्याही बाईला विचारा, सिरिलचा हात लागलेलं मशिन पुन्हा बिघडत नाही असंच ती सांगेल. तो मशिनला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि दोन मिनिटांत दुखणं सांगायचा. मशिनसोबत आलेलं माहितीपत्रक त्याने आयुष्यात कधी उघडलं नाही. "ज्याला ऐकू येत नाही त्याने वाचावं," असं म्हणायचा. हेच कान घरी आल्यावर कुठे जायचे, ते मला एकेचाळीस वर्षांत कळलं नाही.

मला थंडी वाजते, एवढी साधी गोष्ट त्याला कधी ऐकू आली नाही. आमच्याकडे घर गरम करायचं हीटिंग सुरू होणार एक नोव्हेंबरला, तेही रोज संध्याकाळी पाच वाजता. त्याआधी खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरला तरी बटणाला हात लावायचा नाही.

"सिरिल, बटाटे सोलताना बोटं वाकत नाहीत रे माझी."

"मग अजून एक स्वेटर घाल."

त्याची आई हेच म्हणायची, तिची आईही हेच म्हणत असणार. आमच्या या डोंगराळ भागातली निम्मी घरं या एका वाक्यावर हिवाळा काढतात. मी दोन स्वेटर आणि बोटं कापलेले हातमोजे घालून संसार केला.

सिरिल निवृत्त झाला त्या वर्षी आमच्या ग्लेनिसने, म्हणजे लेकीने, आम्हाला नवा फ्रीज घेऊन दिला. दिसायला देखणा, पण त्याचा बर्फाचा खण एवढासा, की आइसक्रीमचा एक डबा ठेवला की संपलं. जुना फ्रीज उंच, वर फ्रीज आणि खाली चांगला तीन खणांचा फ्रीझर. "चालती वस्तू कोणी टाकतं का?" म्हणून तो गॅरेजमध्ये गेला. आमच्या गल्लीत सगळ्यांच्याच गॅरेजमध्ये एकेक म्हातारा फ्रीज आहे. गाडी बाहेर पावसात भिजते.

पहिल्याच डिसेंबरात फ्रीझरमधलं सगळं पाघळलं. सिरिलने कान लावला आणि म्हणाला, थर्मोस्टॅट गेलाय. नवा बसवला तोवर एप्रिल उजाडला. फ्रीज उन्हाळाभर छान चालला आणि पुढच्या डिसेंबरात पुन्हा झोपला. मग मोटर बदलली. पुन्हा उन्हाळाभर ठणठणीत. याने जेवताना बोलणं सोडलं, गावभरची मशिनं बरी करणाऱ्याला घरचंच ऐकेना. मला त्याची दयाही यायची आणि चीडही. चीड जास्त.

तिसऱ्या वर्षी त्या फ्रीजमध्ये माझा जीव अडकला. चॅपेलच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या, नाताळच्या चहापानाला सॉसेज रोल, म्हणजे पिठाच्या पारीत मांस भरलेले रोल, करायचा मान सव्वीस वर्षं ऑर्मरॉडबाईंकडे होता. सव्वीस वर्षं मी त्या चहापानाला कपबशा विसळल्या. त्या वर्षी बाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि धर्मगुरूंनी मला विचारलं. मी तीन रविवार खपून दोनशे रोल लाटले, भरले आणि दर खेपेला कच्चेच गोठवायला ठेवले. शनिवारी सकाळी भाजायचे की झालं.

"त्या फ्रीजमध्ये नको रे," पहिल्याच रविवारी मी म्हणाले होते. "ग्लेनिसच्या शेजारणीचा मोठा फ्रीझर आहे, तिकडे नेते."

सिरिलचं तोंड एवढंसं झालं. "एनिड, थर्मोस्टॅट नवा, मोटर नवी, दाराचं रबरसुद्धा नवं. आता तू पण विश्वास ठेवणार नाहीस?"

ठेवला विश्वास. बायकोची जात.

त्या आठवड्यात थंडीने कहर केला. गुरुवारी सकाळी दारातली दुधाची बाटली गोठली होती, सायीने झाकण वर उचललं होतं. मी गॅरेजमध्ये जाऊन फ्रीझरचा खण ओढला. रोल मऊ पडलेले. पीठ ओघळून एकाला एक चिकटलेलं, खाली गुलाबी पाणी. मी तिथेच फरशीवर बसले आणि रडले.

सिरिल धावत आला. फ्रीजला कान लावला. "आवाजच नाही. पण असं होईल कसं? इथे तर आतल्यापेक्षा बाहेर जास्त गार आहे!"

मी उठले, स्वयंपाकघरातल्या खणातून ते माहितीपत्रक काढलं आणि मोठ्याने वाचलं. घरातलं सगळं मी जपून ठेवते, सुतळीचे तुकडेसुद्धा. तिसऱ्याच पानावर लिहिलं होतं: हे मशिन दहा अंशांपेक्षा थंड खोलीत ठेवू नये. थर्मोस्टॅट एकच, तोही वरच्या फ्रीजमध्ये. वर गार लागलं की त्याला वाटतं काम झालं, तो मोटर बंद करतो. गॅरेजची थंडी फ्रीजला पुरते, फ्रीझरला पुरत नाही, पण त्या खालच्या फ्रीझरला कोणी विचारत नाही.

"म्हणजे तो बिघडलाच नव्हता," सिरिल हळूच म्हणाला.

"नाही. त्याला थंडी वाजत होती."

तो माळ्यावर चढला आणि विजेचा एक छोटा हीटर घेऊन उतरला. चांगला चकचकीत. मी हा हीटर जन्मात पाहिला नव्हता.

"हा कुठला?"

"मागे कोणाचा तरी दुरुस्त केला होता. न्यायला आलेच नाहीत."

"मागे म्हणजे कधी?"

"झाली असतील अकरा वर्षं."

गुरुवारी सकाळी साडेदहा वाजता, पाच वाजायची वाट न बघता, सिरिलने तो हीटर फ्रीजच्या पायाशी लावला. वर म्हणतो कसा, "बिचारा, किती गारठला असेल!" चाळीस मिनिटांत फ्रीज घुरघुरायला लागला आणि याचा चेहरा उजळला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण भांडायला वेळ नव्हता. रोल कधी पाघळले कोणास ठाऊक, आणि म्हाताऱ्या माणसांना असलं मांस खाऊ घालायचं माझ्याच्याने झालं नसतं. दोनशेच्या दोनशे कचऱ्यात टाकले. मग नाक मुठीत धरून ऑर्मरॉडबाईंकडे गेले.

"गॅरेजमध्ये ठेवलेस?" बाई खुर्चीतूनच गरजल्या. "अगं, लग्न मेकॅनिकशी केलंस म्हणून अक्कलही त्याच्याकडेच ठेवायची का? ये आत. पीठ काढ."

शुक्रवारचा दिवसभर त्यांनी काठी आपटत हुकूम सोडले आणि मी लाटलं. त्यांचं घर सकाळपासून उबदार. मी एक स्वेटर काढला, मग दुसराही काढला. शनिवारी रोल संपले आणि जो तो म्हणाला, "ऑर्मरॉडबाईंच्या हाताची चव ती चवच!" मी कपबशा विसळल्या.

तीनला घरी आले. स्वयंपाकघरात श्वासाची वाफ दिसत होती. मी खुर्ची आणि विणकाम उचललं आणि गॅरेजमध्ये फ्रीजशेजारी जाऊन बसले.

सिरिल दारात उभा राहिला. "इथे काय करतेस?"

"इथे ऊब आहे. याला थंडी वाजतेय हे तुला चाळीस मिनिटांत पटलं, सिरिल. मी एकेचाळीस वर्षं सांगतेय."

त्याचे कान लाल झाले होते. मग त्याने फ्रीझरचा एकेक खण उघडून पाहिला, हीटरची वायर काढली आणि हीटर उचलून स्वयंपाकघरात नेला. माझ्या खुर्चीच्या जागी ठेवला. माझे डोळे भरून आले. आता काहीतरी बोलेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं.

"चालेल," तो म्हणाला. "तसाही फ्रीझर आता रिकामाच आहे."

त्या दिवसापासून हीटर माझ्याजवळ आहे, आणि त्या फ्रीझरमध्ये मी वाटाण्याचा एक दाणा ठेवू दिलेला नाही.