दुसऱ्या महिन्यातली एक गोळी

सोळा वर्षं ती वॉर्डात नर्स होती. पाठ धरली म्हणून रुग्णाच्या उरलेल्या इंजेक्शनातलं थोडं तिने स्वतःला टोचलं, मग ते रोजचंच झालं, आणि एक दिवस पकडली गेली. मेट्रनबाईंनी तिला काढलं नाही. औषधांपासून लांब, चादरींच्या खोलीत बसवलं. अट घातली ती उपचारांची, आणि दर तीन महिन्यांनी केस तपासायला देण्याची.

या खेपेला समुपदेशक बाईंनी डोक्यामागची पेन्सिलीएवढी बट मुळाशी कापून फॉइलमध्ये ठेवली. "घेतलेल्या औषधाचा माग केसात राहतो. मुळाकडचे तीन सेंटिमीटर म्हणजे तीन महिने. रिपोर्ट स्वच्छ आला तर वॉर्डात परत. दहा दिवस थांबा."

घरी सासूबाई म्हणाल्या, "केसानं गळा कापतात म्हणतात, ते हेच का गं?"

ती हसली खरी, पण तिला एक गोष्ट आठवली. या तीन महिन्यांतल्या दुसऱ्या महिन्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांच्या दुखण्याच्या गोळ्यांतली एक तिने गिळली होती. एकच. कुणाला पत्ता नव्हता.

मग तिचं चित्त थाऱ्यावर राहिना. घातलेल्या घड्या मोडायच्या, पुन्हा घालायच्या. हात सारखा डोक्यामागच्या खुंटांकडे. "खाजतंय का?" नवऱ्याने विचारलं, तर त्याच्यावरच खेकसली.

आठव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती समुपदेशक बाईंच्या दारात उभी राहिली.

"बसा तरी."

"नको. बसले तर बोलणार नाही." आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. संध्याकाळी सासूबाईंनाही सांगितलं.

त्या म्हणाल्या, "एक कमी भरली होती. मला वाटलं, मीच विसरून दोनदा घेतली." त्या दिवसापासून गोळ्या नवरा द्यायला लागला.

रिपोर्ट आला. काहीच सापडलं नव्हतं.

"एका गोळीचा माग केसात लागतोच असं नाही," समुपदेशक बाई म्हणाल्या.

"म्हणजे गप्प बसले असते, तर वॉर्डात गेले असते?"

"हो. आता आणखी तीन महिने."

दुपारभर ती चादरी आपटत राहिली.

पुढचे तीन महिने मात्र सरळ गेले, आणि ती वॉर्डात परतली. पहिल्या दिवशी तिचा पाय एका जागी ठरेना. खिडकीजवळच्या आजोबांनी विचारलं, "सिस्टर, एवढी कसली लगबग?"

"काही नाही, आजोबा. तुमचं पाणी संपलंय," म्हणत तिने तांब्या उचलला.