चाकामागची जागा

गौलीगुड्यातल्या त्या मेकॅनिकचा चेहरा मला नीट आठवत नाही, पाय मात्र आठवतात. तो कायम कुठल्या तरी गाडीखाली असतो आणि काहीही सांगा, तिथूनच म्हणतो, "हौ."

माझ्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्सखालचा तेलाचा गळका पॅन मी दुसरीकडे बदलून घेतला होता. तेव्हापासून गिअरचा दांडा 'पार्क'वर टाकला तरी आतला गिअर पुरता अडकत नव्हता. घरासमोरच्या चढावर मी ब्रेकवरून पाय काढला आणि गाडी मागे सरकली. मागे नात खेळत होती. सुनेने ओढलं म्हणून वाचली.

हे ऐकून तो 'हौ' म्हणाला नाही.

दांडा गिअरबॉक्सला जोडणारा रॉड जुळवून झाल्यावर त्याने गाडी गल्लीच्या चढावर घ्यायला आणि दांडा 'पार्क'वर टाकायला लावलं.

"पोरगी कुठं होती, साब?"

"मागच्या चाकाजवळ."

तो तिथंच जाऊन मांडी घालून बसला.

"अहो, उठा तिथून!"

"नक्को. हँडब्रेक सोडा. आता पाय काढा."

मी आरशात पाहिलं. तो दिसतच नव्हता. त्या दिवशीसुद्धा आरशात अशीच रिकामी जागा दिसली होती.

मी पाय काढला.

गाडी जागची हलली नाही. मागून, खालून आवाज आला, "हौ."